एका कागदावर दोन सह्या

वकीलबाई : ...आणि मुख्य म्हणजे खाली बसा, काका. मला तुमच्या सदऱ्याची तीन बटणं दिसतायत. बाकी तुम्ही कुठेच नाही.

कारकून : साक्षीला उभं राहायचं असतं, बाई.

वकीलबाई : पिंजऱ्यात उभं राहायचं असतं. तुम्ही तुमच्या घरी आहात.

कारकून : त्रेचाळीस वर्षं साक्षीदारांना बजावत आलो, साहेब ‘बसा’ म्हणेपर्यंत टेकायचं नाही. आता स्वतःवर पाळी आली तर आधीच बूड टेकू?

वकीलबाई : परवा साहेबही त्यांच्या घरीच असणार आहेत. मागच्या सुनावणीला त्यांच्यामागे दोरीवर टॉवेल वाळत होता. बसा.

कारकून : बसलो.

वकीलबाई : आता हनुवटी आणि छताचा पंखा. टॅबलेटखाली काहीतरी जाडजूड सरकवा.

कारकून : दाव्यांचं जुनं रजिस्टर आहे. मोठ्या वकीलसाहेबांच्या वेळचं.

वकीलबाई : द्या खाली. बाबांच्या रजिस्टरचा अजून कुणाला आधार होतोय म्हटल्यावर ते खूश होतील. हं, आता माणूस दिसायला लागला. तर, ही तालीम नाही हे आधीच सांगते. साक्षीदाराला पढवायचं नसतं.

कारकून : हे तुम्ही मला सांगताय.

वकीलबाई : स्वतःलाच सांगतेय. मी एवढंच म्हणणार, काय झालं ते सांगा. परवाही हेच विचारणार आहे. न्यायाधीशांना यातलं काहीच ठाऊक नाही असं धरून चला. बाइंडरकाका कोण होते, इथपासून.

कारकून : एक आधी विचारू का? परवा कुठला कागद लागला तर मी इथूनच स्कॅन करून पाठवू?

वकीलबाई : नको. कृपा करा. तुमच्या स्कॅनिंगवरून कोर्टाच्या ऑफिसातून मला विचारणा आली होती, ‘प्रत्येक पानावर पक्षकाराचा अंगठा कशासाठी?’

कारकून : पान उडत होतं. धरायला नको?

वकीलबाई : एकशे बारा पानं आणि एकशे बारा अंगठे. असो. बाइंडरकाका.

कारकून : बाइंडरकाका म्हणजे कोर्टामागच्या गल्लीतले. आपल्या ऑफिसातली कायद्याची झाडून सगळी पुस्तकं त्यांच्या हातची. त्यांचा कारखाना म्हणजे एक लांबट खोली. तिच्यात कागद कापायचं यंत्र, दाबायचं यंत्र, खळीचं पातेलं, आणि मागच्या अंगाला त्यांची राहायची खोली. लग्न केलं नाही. जवळचा म्हणावा असा एक पुतण्या, तो समुद्रापलीकडे नोकरीला. आणि कारखान्यात ताई. बावीस वर्षं तिनं त्यांच्याकडे पानं शिवली. काका म्हणायचे, पुठ्ठा मी चढवतो, पण पुस्तक टिकतं ते हिच्या दोऱ्यावर. खळसुद्धा तीच शिजवायची. खळीत गुठळी झाली तर काका पातेलं तसंच—

वकीलबाई : खळीची कृती कोर्टाला नको.

कारकून : खळीवाचून बाइंडर कळायचा कसा?

वकीलबाई : कळेल. साथीवर या.

कारकून : साथ आली. कोर्टाला कुलूप, गल्लीला अडसर. तुम्ही म्हणालात, काका, आता ऑफिस तुमच्या माझ्या फोनमध्ये. मला वाटलं, दोन आठवड्यांचा प्रश्न आहे. त्यातच बाइंडरकाकांना खोकला झाला, तपासणी केली तर व्हायचं तेच झालेलं. त्यांनी मागच्या खोलीत स्वतःला कोंडून घेतलं. ताई दोन वेळचं ताट खिडकीतून सरकवायची. हॉस्पिटलात खाट मिळेना, नंबर लावून ठेवलेला. अशात सोमवारी त्यांनी तुम्हाला फोन केला. म्हणाले, माझ्यामागे कारखाना ताईच्या नावावर व्हायला हवा. पुतण्याला माझी बँकेतली शिल्लक द्या, तो पोटच्यासारखाच आहे मला. पण यंत्रं घेऊन तो करणार काय? विकेल. आणि ही रस्त्यावर येईल.

वकीलबाई : मग?

कारकून : तुम्ही स्वतः तापानं फणफणलेल्या. अंथरुणातून फोनवर मृत्युपत्राचा मजकूर सांगितलात, मी दोन बोटांनी टाइप केला. एक पान. तुम्ही बजावलंत, सही होताना ताई आसपासही नको, तिला गल्लीच्या टोकाला उभी करा, उद्या कुणी म्हणायला नको की तिनं हात धरून लिहून घेतलं. आणि दोन साक्षीदारांनी सही होताना डोळ्यांनी बघायची. एक मी, दुसरा कोपऱ्यावरचा औषधवाला. तो म्हणाला, येतो, पण पाच मिनिटं, दुकानापुढे रांग आहे. काकांच्या त्या मागच्या खोलीची खिडकी पलीकडच्या रस्त्यावर आहे. मोठी काच, ती उघडत नाही, आणि तिच्याखाली वीतभर फट, तिला सरकतं झाकण. तुम्ही व्हिडिओवर होतात. म्हणजे तुमचं तोंड होतं. फोन मी खिडकीच्या गजाला बांधला होता, बाइंडिंगच्याच दोऱ्यानं.

वकीलबाई : उलटा.

कारकून : पहिल्यांदा उलटा. मग सरळ केला. कागद फटीतून आत दिला. काका टेबलाशी बसले, सगळा मजकूर मोठ्यानं वाचला, मध्ये दोनदा खोकल्यासाठी थांबले. ‘यंत्रसामग्री’मधली माझी एक चूक काढली. मग त्यांनी सही केली, आम्ही सह्या केल्या, मी फाइल ऑफिसच्या कपाटात ठेवली. झालं.

वकीलबाई : काय झालं?

कारकून : एवढंच झालं.

वकीलबाई : खळीच्या पातेल्यापासून सुरुवात केलीत, माझं तोंड कोणत्या दोऱ्यानं बांधलं तेही सांगितलंत, आणि ज्या एका गोष्टीसाठी कोर्ट भरणार आहे तिथे आल्यावर ‘झालं’?

कारकून : सून हाक मारतेय वाटतं.

वकीलबाई : सून बाहेर गेलीये. मघाशी तिनंच हा कॉल लावून दिला आणि तासाभरानं येते म्हणाली.

कारकून : मग बॅटरी—

वकीलबाई : नऊ महिने मी हे विचारतेय आणि नऊ महिने तुमची बॅटरी संपतेय. आता ऐका. मला शेवटचं दिसलं ते बाइंडरकाका टेबलावर वाकताना. मग चित्र गोठलं. त्याच संध्याकाळी मला हॉस्पिटलात नेलं, अठरा दिवस मी तिथे. घरी आले तोवर ते गेले होते. कपाटातून कागद काढला तर त्यावर त्यांच्या दोन सह्या. पहिली त्यांच्या नेहमीच्या वळणाची, छापल्यासारखी. तिच्याखाली दुसरी, तिरपी, तुटक, मध्येच शाई गेलेली. मागच्या आठवड्यात औषधवाला शपथेवर सांगून गेला, सही एकदाच झाली आणि ती मी बघितली. पुतण्यानं मृत्युपत्राला हरकत घेतलीय, त्याचे वकील म्हणतात, मग दुसरी कुणाची? आणि ज्यानं दुसरी केली त्यानं पहिलीही केली नसेल कशावरून? कागद तेव्हा कुणाकडे होता?

कारकून : माझ्याकडे.

वकीलबाई : म्हणजे रोख कुणावर आहे ते कळतंय ना? मग सांगा. सही होताना तुम्ही बघितली?

कारकून : परवा मी ‘हो’ म्हणणार आहे.

वकीलबाई : मी ते विचारलं नाही.

कारकून : आरशापुढे म्हणून बघितलंय. जमतं.

वकीलबाई : काका.

कारकून : चष्मा, बाई.

वकीलबाई : कसला चष्मा?

कारकून : मास्क नाकावर घट्ट ओढलेला. श्वासाची वाफ सगळी चष्म्यावर. पुसावा तर हाताला ते चिकट औषध चोपडलेलं. समोर खिडकीची काच, डोळ्यांवर ही काच, आणि मध्ये नुसतं धुकं. काका वाकले एवढं कळलं. सरळ झाले तेही कळलं. मधलं काही दिसलं नाही. साक्षीदार फितूर झालेले मी ढीगभर बघितलेत, पण ऐन वेळेला आंधळा झालेला मीच पहिला. मोठे वकीलसाहेब चारचौघांत सांगायचे, माझा कारकून म्हणजे माझे डोळे. त्या डोळ्यांनी ही परीक्षा दिली.

वकीलबाई : न बघता साक्षीदार म्हणून सही ठोकलीत तुम्ही?

कारकून : नाही. तेवढं केलं नाही.

वकीलबाई : मग कागदावर तुमची सही आहे ती?

कारकून : ती नंतरची. औषधवाल्यानं कागद फटीतून बाहेर घेतला, सही केली, पेन कठड्यावर ठेवलं आणि धावत गेला. राहिलो मी. तुम्ही गजावर, तोंड उघडं, गोठलेल्या. मी पेन उचललं, टेकवलंसुद्धा. हात पुढे जाईना. म्हटलं, काका, माफ करा, मला दिसलं नाही. ते म्हणाले, अहो, माझीच सही आहे ही. मी म्हटलं, तुमचीच आहे, पण मी बघितली नाही.

वकीलबाई : मग?

कारकून : हसले. इतके हसले की खोकल्याची उबळ आली. म्हणाले, चाळीस वर्षांत माझ्याकडे काम परत आलं नव्हतं, आज आलं, द्या आत. उठले, भिंत धरत धरत खिडकीशी आले. खालच्या कठड्यावर औषधांच्या बाटल्या, कागद ठेवायला जागा नाही. मग त्यांनी तो खिडकीला काटकोनात येणाऱ्या कोपऱ्यातल्या भिंतीवर, अगदी काचेलगत, उभा धरला. म्हणाले, आता चष्मा काढा आणि नाक लावा काचेला. मला चष्म्याविना जवळचं स्वच्छ दिसतं. लावलं नाक. त्यांनी माझ्या डोळ्यांसमोर सही केली. तिसऱ्या अक्षराला पेन सुकलं. झटकलं, पुन्हा गिरवलं, पुन्हा सुकलं. उभ्या कागदावर कुठलं बॉलपेन चालतंय? पूर्ण केली आणि विचारलं, दिसली? म्हटलं, दिसली. मग करा म्हणाले. मग मी केली.

वकीलबाई : आणि हे तुम्ही नऊ महिने पोटात ठेवलंत.

कारकून : रागवा. रागवायलाच हवं.

वकीलबाई : मी हसतेय, काका. चित्र गोठलं असेल तर सांगते. मी हस्ताक्षरतज्ज्ञ शोधत फिरतेय, दोघांशी बोलून झालं, आणि काखेत कळसा. अहो, पहिल्या सहीच्या वेळी ते तुम्हाला ‘ही माझी सही’ म्हणाले ना, तेवढंही कायद्याला पुरलं असतं. बघितलीच पाहिजे असं नाही. करणाऱ्यानं साक्षीदाराला स्वतः सांगितलं तरी चालतं.

कारकून : पण तुम्ही बजावलं होतंत, डोळ्यांनी बघायची.

वकीलबाई : अंगात ताप होता माझ्या, सोपं करून सांगितलं.

कारकून : असेल. कायद्याला पुरलं असतं. मला पुरलं नसतं.

वकीलबाई : हं.

कारकून : परवा ‘हो’ म्हणू ना मग?

वकीलबाई : ‘हो’ म्हणालात तर कारखाना गेला. एकच सही बघितली म्हणालात की दुसरी अनाथ. आत्ता जे सांगितलंत ते सांगायचं, जसंच्या तसं, चष्म्यासकट. आणि खरं तर एवढंही मी सांगायला नको. तुम्ही खरं बोला, एवढंच माझं म्हणणं.

कारकून : पुतण्याचे वकील माझ्या चष्म्याच्या चिंध्या करतील.

वकीलबाई : करू देत. चष्मा पुसून बसा.

(दीड महिन्यानंतर, सकाळी. बाइंडरचा कारखाना. ताई पानं शिवायला बसली आहे, कारकून दारात उभा आहे, हातात एक पाकीट.)

ताई : आत या. आणि ते पाकीट यंत्रावर ठेवू नका, तेल आहे.

कारकून : निकालाची प्रत आहे. बाईंना मेलवर आली. मी म्हटलं, असली गोष्ट मेलवर कसली देता, छापून मीच नेऊन देतो.

ताई : बाईंचा फोन आला होता शुक्रवारी. म्हणाल्या, कारखाना तुझा, कसं ते काकांकडून ऐक. मी आपली तेव्हापासून थांबलेय.

कारकून : तुला सुनावणीची लिंक पाठवली होती ना त्या दिवशी? बघितली नाहीस?

ताई : फोन पालथा घातला आणि शिवायला बसले. दीडशे पानांची वही उलटी शिवली. परत उसवली.

कारकून : मग पहिल्यापासून सांगतो. आधी कोर्टाचा माणूस म्हणाला, खोलीत दुसरं कुणी नाही ना, टॅबलेट फिरवून चारही कोपरे दाखवा. मी दाखवले. कपाटामागचं दाखवलं, पलंगाखालचं दाखवलं. स्वयंपाकघरही दाखवलं, सून ओरडली. न्यायाधीश म्हणाले, पुरे. मग शपथ झाली. बाईंनी विचारलं, काय झालं ते सांगा, आणि मी सांगितलं.

ताई : काय सांगितलंत?

कारकून : तेच सांगायला आलोय. म्हणजे, पाकीट हे निमित्त. ताई, पहिली सही झाली तेव्हा मला ती दिसली नव्हती.

ताई : म्हणजे?

कारकून : चष्म्यावर वाफ आली होती. काकांना तसं म्हटलं, म्हणून त्यांनी पुन्हा केली. खिडकीशी उभं राहून, आतल्या भिंतीवर कागद धरून. ती वेडीवाकडी सही त्यांचीच आहे, माझ्यापायी झालेली. तू गल्लीच्या टोकाला होतीस, तुला ठाऊक असायचं कारण नाही.

ताई : पण तुम्हाला ठाऊक होतं.

कारकून : होतं.

ताई : दहा महिने. दर शनिवारी येत होतात. इथे या स्टुलावर बसायचात, त्या दुसऱ्या सहीचं काय ते कळत नाही म्हणून माझा जीव खाली-वर होत होता, आणि तुम्ही ‘बघू, बघू’ म्हणत होतात.

कारकून : मला वाटायचं, मी न बघितल्याचं बाहेर आलं की सगळंच बुडेल. तुझ्या डोक्यावरचं छप्पर माझ्या चष्म्यापायी गेलं असं व्हायला नको.

ताई : मला झोप नव्हती हो. पुतण्यालाच नाही, मलाही वाटायला लागलं होतं की कुणीतरी काहीतरी केलंय. तुमच्यावरसुद्धा येऊन गेला माझा संशय. एकदा नाही, दोनदा.

कारकून : बरोबर आहे.

ताई : बरोबर काय आहे त्यात? चुलत्यासारखा माणूस, आणि मी त्याच्यावर संशय घेतला. असं उगाच उभं राहू नका. हा दोरा धरा. ताणून धरा, सोडू नका. हं. पुढे सांगा.

कारकून : मग पुतण्याचा वकील. तरुण आहे, कानात ती यंत्रं. अदबीनं बोलणारा. म्हणाला, सही होताना आपण बघितलीत? म्हटलं, पहिली नाही बघितली. मला नंतर बाईंनी सांगितलं, त्यानं चाळीस प्रश्न तयार करून आणले होते, ते सगळे मला तेवढंच कबूल करायला लावायचे. मी पहिल्याच फटक्यात देऊन टाकल्यावर त्याला पुढचं पान सापडेना. मग दुसऱ्या सहीवर आला. म्हणाला, बाइंडरचा हात, केसभर इकडेतिकडे न होणारा. तो हात अशी सही करेल? म्हटलं, उभ्या कागदावर पेन चालत नाही. तो म्हणाला, हा तुमचा तर्क झाला.

ताई : मग?

कारकून : मग न्यायाधीशांनी चष्मा काढला. म्हणाले, वकीलसाहेब, तुमच्यामागे भिंत आहे ना? कागद टेकवा आणि सही करा. आम्हा सगळ्यांना दिसेल अशी. तो उठला. आता नाही म्हणायची सोयच नव्हती. सुरुवात झोकात केली. पाचसहा अक्षरांवर पेन बंद. झटकलं, पुन्हा लावलं, एक अर्धवट रेघ, पुन्हा बंद. भिंत खडबडीत, कागदाला मध्येच भोक. न्यायाधीश म्हणाले, दाखवा. त्यानं कॅमेऱ्यापुढे धरला. मग तोच म्हणाला, साहेब, माझीसुद्धा सही बनावट निघाली.

ताई : हे असं म्हणाला तो?

कारकून : असंच. न्यायाधीशही हसले. मागचा टॉवेल तेवढा दिसला नाही त्या दिवशी, काढला असावा. मग म्हणाले, लेखी म्हणणं द्या, निकाल नंतर देतो. त्या निकालात काय लिहिलंय ते वाचतेस का?

ताई : वाचा तुम्ही. माझे हात गुंतलेत.

कारकून : माझेही गुंतवलेस. तोंडपाठ आहे, सांगतो. लिहिलंय, ज्या साक्षीदाराला खोटं बोलायचं असतं तो ‘मी बघितली नाही’ या वाक्यानं सुरुवात करत नाही.

ताई : पुन्हा म्हणा.

कारकून : ज्या साक्षीदाराला खोटं बोलायचं असतं, तो ‘मी बघितली नाही’ या वाक्यानं सुरुवात करत नाही. सुनेनं ते फ्रिजवर लावलंय. मी नको म्हटलं होतं.

ताई : सोडा आता दोरा. गाठ बसली. पुतण्या होता का सुनावणीला?

कारकून : होता. कॅमेरा बंद, नुसता काळा चौकोन. अख्ख्या सुनावणीत एक शब्द नाही. बाईंनी मला आणखी एक विचारायला सांगितलंय, ते आधी सांगून टाकतो, नाहीतर राहील. आपल्या पक्षकारांत निम्म्यांकडे धड फोन नाही, कुणाकडे रेंज नाही. तुझ्याकडे पुढच्या खोलीत रेंज चांगली आहे. तर सुनावणीच्या दिवशी अशा लोकांना इथे बसवलं तर चालेल का? टॅबलेट मी आणीन, माणसं मी सांभाळीन.

ताई : यंत्र बंद ठेवावं लागेल?

कारकून : तेवढा वेळ.

ताई : मंगळवार-शुक्रवार चालेल. त्या दिवशी मी शिवायला बसते, त्याचा आवाज नसतो. पण माणसांना सांगा, पुठ्ठ्यांवर बसायचं नाही. तुम्ही पुतण्याचं काहीतरी सांगत होतात.

कारकून : त्याचा फोन आला होता. निकालानंतर नाही, सुनावणीच्याच दिवशी संध्याकाळी. माझा नंबर कागदपत्रांत होताच. मला वाटलं, आता शिव्या. तर तो म्हणाला, माझ्या प्रगतिपुस्तकावर बाबांची नाही, काकांची सही असायची. दर तिमाहीला. म्हणून ती मला पाठ आहे, आणि म्हणून ही दुसरी बघितल्यावर मला खरंच वाटलं की कुणीतरी त्यांना फसवलंय. विमानं बंद होती, मला येता आलं नाही, निदान हे तरी बघावं, एवढाच हेतू होता.

ताई : मग त्याला खरं वाटलं का?

कारकून : वाटलं. तेवढं बोलून झाल्यावर म्हणाला, एक विचारू? कोर्टातलं नाही. तुम्ही काचेला नाक लावून बघितलंत म्हणालात, म्हणजे त्यांना शेवटी जवळून बघणारे तुम्हीच. मला शेवटच्या आठवड्यात ते कॅमेरा लावू देत नव्हते, नुसते बोलायचे. त्यांनी दाढी केली होती का?

ताई : काय सांगितलंत?

कारकून : क्षणभर वाटलं, म्हणावं, केली होती. काकांची दाढी वाढलेली कुणी बघितलीय का कधी? पण एवढं सगळं झाल्यावर पुन्हा तेच कुठे करू. म्हटलं, दाढी नव्हती केली, चांगली वाढली होती. केस मात्र नीट विंचरलेले होते, भांग पाडून.

ताई : त्यावर काय म्हणाला तो?

कारकून : म्हणाला, विंचरले होते ना? बरं झालं. आणि ठेवला फोन.

ताई : त्याचा नंबर आहे का तुमच्याकडे?

कारकून : आहे. का गं?

ताई : कंगवा मी दिला होता, ताटाबरोबर, त्या फटीतून. पण मागितला त्यांनीच. तेवढं सांगा त्याला.